अब्बांच्या नावाने दुसऱ्याचीच फाइल उघडली

(शेंद्रा इथे तरुण मुला-मुलींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'दवाखाने आणि डिजिटल तंत्रज्ञान' या विषयावर बोलायला सांगितलंय. मी डॉक्टर नाही, इंजिनिअरही नाही. गेली अकरा वर्षं मी दवाखान्यात आधी नोंदणीच्या खिडकीमागे आणि आता रेकॉर्ड विभागात काम करते. केसपेपर काढणं, पेशंटचं नाव टाइप करणं, जुनी फाइल शोधून देणं, हे माझं काम. म्हणून मी जे बोलणार आहे ते खिडकीतून दिसलेलं आहे. सुरुवात मात्र खिडकीच्या बाहेरून करते, कारण त्या दिवशी मी रांगेत उभी होते.

२०१९चा पावसाळा होता. माझे अब्बा इथेच, शेंद्रा एमआयडीसीत, कंत्राटदारामार्फत कामाला होते. शुगर जुनी. पायाला जखम झाली, ती चिघळली, ताप भरला. आम्ही त्यांना शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. माझ्या दवाखान्यात नाही, दुसऱ्या. त्याचं नाव मी घेत नाही, कारण ही चूक कुठेही होऊ शकते, हेच मला सांगायचं आहे. गर्दी प्रचंड. खिडकीवरच्या मुलाने नाव विचारलं, संगणकात शोधलं आणि म्हणाला, "यांची जुनी फाइल आहे आपल्याकडे." मला बरं वाटलं. पूर्वी आलो असू, मला आठवत नसेल, असं वाटलं.

वॉर्डात सलाईन लागली. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. पडद्यावर लिहिलं होतं, औषधाची ॲलर्जी: नाही. माझी अम्मी पलंगापाशी बसलेली. अम्मीला वाचता येत नाही. तिने सिस्टरचा हात धरला आणि विचारलं, "ये कौनसी सुई है?" सिस्टरने नाव सांगितलं. ते नाव अम्मीला कळलं नाही, पण तिने मांडीवरची प्लास्टिकची पिशवी उघडून एक घडी पडलेला कागद काढला आणि म्हणाली, "इन्को एक सुई नक्को बोले थे डाक्टर. पिछली बार मुँह सूज गया था, दम घुटने लगा था. ये कागद देखो पहले." तो पाच वर्षांपूर्वीचा केसपेपर होता. त्यावर डॉक्टरांनी लाल शाईने लिहून ठेवलं होतं की यांना पेनिसिलिन गटातलं औषध देऊ नका. सिस्टरच्या हातातलं इंजेक्शन त्याच गटातलं होतं.

सिस्टर जागच्या जागी थांबली. चांगली बाई होती, तिने ताबडतोब डॉक्टरांना बोलावलं आणि औषध बदललं. मग मी पडदा बघायला मागितला. नाव अब्बांचंच होतं. जन्मतारीख अब्बांचीच, १ जानेवारी १९६०. पण फोन नंबर आमचा नव्हता आणि पत्ता दुसऱ्याच मोहल्ल्याचा होता. तो दुसराच माणूस होता. नाव तेच, तारीख तीच, आणि त्याला कसलीही ॲलर्जी नव्हती.

अब्बा आज दुसऱ्या रांगेत बसलेत. अम्मी त्यांच्या शेजारी आहे. पिशवीही असेल.

त्या रात्री मला झोप लागली नाही. राग खिडकीवरच्या मुलाचा आला होता, पण तो फार वेळ टिकला नाही. कारण तेच काम मी रोज करत होते. मी स्वतः किती जणांची फाइल नुसतं नाव आणि तारीख बघून उघडली असेल? माझ्या खिडकीतून अशी चूक झालीच नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आता ही चूक कशी होते ते नीट बघू. दवाखान्यातला साधा नियम असा की पेशंटची ओळख किमान दोन खुणांनी पटवायची. बहुतेक ठिकाणी त्या खुणा म्हणजे पूर्ण नाव आणि जन्मतारीख. नियम चांगला आहे. पण आपल्याकडे या दोन्ही खुणा कच्च्या आहेत.

नावाचं घ्या. मराठवाड्यात आपली नावं लिहायची एक पद्धत आहे. समजा, शेख रफीक शेख चांद. यात शेख आडनाव, रफीक स्वतःचं नाव, शेख चांद हे वडिलांचं. सय्यद आणि पठाण कुटुंबांतही असंच. संगणकात रकाने तीन: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. एक ऑपरेटर पहिल्या रकान्यात 'शेख' टाकतो, दुसरा 'रफीक' टाकतो, तिसरा 'रफीक शेख' असं जोडून टाकतो. मी स्वतः शेकडो माणसांचं पहिलं नाव 'शेख' करून ठेवलं आहे. इंग्रजीत लिहिताना शेखचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी होतं, कुणी नुसतं एसके लिहितं. मोहम्मदचं कधी एमडी होतं, कधी एमओएचडी. बायकांच्या नावामागे कुठे बी, कुठे बेगम. लग्नाआधी वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं. एकाच बाईची तीन वर्षांत चार खाती तयार होतात. पहिल्या खात्यात तिचं रक्त कमी असल्याची नोंद, दुसऱ्यात सिझेरियनची, तिसरं रिकामं. डॉक्टरांसमोर कोणतं उघडेल ते नशीब.

जन्मतारखेचं तर विचारूच नका. ज्यांना नुसतं वर्ष माहीत असतं, त्यांच्या नावापुढे बहुतेक ठिकाणी १ जानेवारी लिहिली जाते. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली असेल, नाहीतर कार्ड काढताना ऑपरेटरने. हे फक्त आपल्याच लोकांचं नाही. तांड्यावरच्या, वस्तीवरच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, निम्म्यांचा वाढदिवस १ जानेवारीला निघेल. त्यात आपल्या शहराचं आणि जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं. आता कुणाच्या कागदावर औरंगाबाद, कुणाच्या कागदावर छत्रपती संभाजीनगर, एकाच घरातल्या दोघांच्या कार्डांवर दोन. माणसाला हे कळतं. संगणकाला सांगावं लागतं.

म्हणून काय संगणक नको म्हणायचं? अजिबात नाही. रजिस्टरचे दिवसही मी पाहिलेत. फाइल शोधायला तास लागायचा, वाळवी लागायची, रिपोर्ट हरवायचे आणि पेशंटला सांगितलं जायचं, पुन्हा तपासणी करा, पुन्हा पैसे भरा. आता रक्ताच्या नळीवर बारकोड लागतो आणि रिपोर्ट थेट डॉक्टरांच्या पडद्यावर जातो. चांगल्या वापराची दोन उदाहरणं सांगते, दोन्ही शेंद्र्याच्या कामाची आहेत.

पहिलं टीबीचं. या पट्ट्यात बीड, जालना, परभणीपासून बिहार, उत्तर प्रदेशापर्यंतचे कामगार राहतात, एका खोलीत सहा-सहा जण. टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो, औषध-प्रतिरोधक टीबी असेल तर वेगळा. काम सुटलं की कामगार गावी जातो आणि पूर्वी औषधं तिथेच तुटायची. अर्धवट उपचार म्हणजे औषधाला दाद न देणारा टीबी, आणि तो घरातल्या सगळ्यांना धोका. २०१२ पासून देशात 'निक्षय' नावाची नोंदणी आहे. त्यात पेशंटला एक नंबर मिळतो. गाव बदललं तरी त्या नंबरावर नोंद पुढच्या केंद्राकडे पाठवता येते आणि उपचार चालू राहतो. खाजगी डॉक्टरांनीही टीबीच्या पेशंटची नोंद करणं बंधनकारक आहे. याच नोंदणीवर पोषण आहाराचे पैसे थेट बँकेत येतात. २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. पण खात्यावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही, तर पैसे अडकू शकतात. बघा, पुन्हा नावापाशीच आलो.

दुसरं 'ई-संजीवनी'. गावच्या आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतो, तो व्हिडिओवर दूरच्या डॉक्टरशी पेशंटचं बोलणं करून देतो. ही सेवा २०१९च्या अखेरीला सुरू झाली आणि कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, घरून फोनवर डॉक्टरशी बोलायची सोयही झाली. आता कुंभेफळच्या किंवा करमाडच्या एखाद्या बाईचा विचार करा. मिनी घाटीला किंवा घाटीला जायचं तर जालना रोडवर गाडीची वाट बघायची, दिवसाची मजुरी बुडवायची, सोबतीला कुणीतरी पाहिजे. बीपीच्या गोळ्या चालू ठेवायच्या की बदलायच्या, एवढं विचारायला दिवस घालवायची गरज नाही. छातीत दुखत असेल तर मात्र व्हिडिओ नको, १०८ला फोन करा. ती ॲम्ब्युलन्स सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि फुकट आहे.

आता 'आभा'बद्दल. तुमच्यातल्या कितीजणांनी काढलंय? हात वर करा. बरेच आहेत. आणि ते कशासाठी आहे, हे किती जणांना माहीत आहे? आता हात कमी झाले. ठीक आहे, त्यासाठीच आलोय.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर २७ सप्टेंबर २०२१ला जाहीर झालं. आभा हा त्यातला चौदा आकडी नंबर. तुमच्या तपासण्या, औषधं, डिस्चार्जचे कागद वेगवेगळ्या दवाखान्यांत पडलेले असतात, ते या नंबराला जोडता येतात. कागद दवाखान्यातच राहतात, नंबरामुळे ते तुमच्या मोबाइलवर बघता येतात. दुसऱ्या डॉक्टरांना ते बघायचे असतील तर तुमची संमती लागते. कोणते कागद, किती दिवसांसाठी, हे तुम्ही ठरवता, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. ज्या दवाखान्यांत सोय आहे तिथे खिडकीवरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की तुमचं नाव, वय, पत्ता आपोआप जातो आणि ओपीडीचा टोकन मिळतो. रांग कमी होते. माझ्यासारखीच्या टायपिंगच्या चुकाही कमी होतात.

इथे एक मोठा गोंधळ आहे. आभा कार्ड दाखवून फुकट ऑपरेशन होत नाही. उपचाराच्या खर्चासाठी आहे ते आयुष्मान कार्ड आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ते वेगळं. त्यात ठरलेल्या आजारांसाठी, योजनेतल्या दवाखान्यांत, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला भेटायचं. तो काय मागतो? रेशन कार्ड आणि आधार. आणि दोन्हींवर नाव वेगळं असलं की पेशंट ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आणि मुलगा शपथपत्रासाठी तहसीलच्या दाराशी.

आभा आधारवरून काढलं तर आधारवरचंच नाव आणि जन्मतारीख उचलतं. म्हणजे आधारवर चूक असेल तर ती पुढे सगळीकडे पोचते, तेही वेगाने. आधारवर नाव दोनदा बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. म्हणून घाईत नेट कॅफेत जाऊन बदलू नका. आधी घरातले सगळे कागद समोर मांडा, कोणतं नाव सगळ्यांत जास्त ठिकाणी आहे ते बघा, मग एकदाच नीट करा.

शेंद्र्यातल्या कामगारांसाठी आणखी एक, ईएसआय. ज्यांचा पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांना ईएसआय लागू होतं, कंत्राटी असलात तरी. तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे पंधरा हजार पगार असेल तर तुमचे साधारण ११३ रुपये आणि मालकाचे ४८८. एवढे पैसे दर महिन्याला जातात आणि चिकलठाण्याच्या कामगार रुग्णालयात गेल्यावर कळतं की बायकोचं नावच चढवलेलं नाही, किंवा अम्मीचं नाव भलतंच आहे. विमा नंबर दहा आकडी असतो, तो पगाराच्या पावतीवर शोधा. 'उमंग' ॲपवर ईएसआयची माहिती बघता येते. घरच्यांची नावं आज रात्री तपासा, आजारी पडायच्या आधी.

आता थोडं भीतीबद्दल. कागद मागितले की आपल्या घरांत धडकी भरते. २०१९-२०च्या हिवाळ्यात आपल्या गल्ल्यांमध्ये लोक जन्माचे दाखले शोधत फिरत होते, ते मी विसरलेली नाही. म्हणून 'अजून एक नंबर कशाला' असं कुणी म्हणालं तर मी त्याला अडाणी म्हणत नाही. त्याला खरी माहिती देते. आभा ऐच्छिक आहे. नंबर नाही म्हणून सरकारी दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. काढलेला नंबर बंदही करता येतो. आणि आपल्या माहितीच्या संरक्षणासाठी २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. माहिती कशासाठी घेताय हे विचारायचा आणि चुकीची माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्क त्यात आहे.

पण सावधगिरी हवीच. २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. देशातलं सगळ्यांत नावाजलेलं सरकारी रुग्णालय, आणि जवळपास दोन आठवडे तिथलं काम हाताने, कागदावर चाललं. त्यामुळे संगणक आला म्हणून कागद फेकून देऊ नका. आणि हल्लेखोरांच्या आधी आपण स्वतःच माहिती उघडी करतो. बहिणीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट घरच्या ग्रुपवर, शेजाऱ्याच्या टीबीचा रिपोर्ट मोहल्ल्याच्या ग्रुपवर. कुणाचं लग्न मोडतं, कुणाची खोली जाते. मदत करताना मिळालेला रिपोर्ट काम झाल्यावर आपल्या मोबाइलमधून काढून टाकायचा. ज्याचा आजार, त्याचीच तो सांगायची मर्जी.

२०२१ची लस आठवा. मे महिन्याच्या सुरुवातीला अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना ऑनलाइन नोंदणीशिवाय लस नव्हती. ज्याच्याकडे चांगला मोबाइल आणि वेगवान बोटं, त्याला जागा मिळायची. ३१ मे २०२१च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीवर बोट ठेवलं. त्यानंतर, २१ जूनपासून, सगळ्याच केंद्रांवर जाऊनही नोंदणी करता यायला लागली. ते दिवस मी मोबाइलला चिकटून काढले. आमच्या गल्लीतल्या सत्तर-ऐंशी जणांची नोंदणी मी केली. तेव्हा कळलं की लोकांना लस नको होती असं नाही. कित्येकांना ओटीपी म्हणजे काय आणि तो कुणाला सांगायचा, हेच माहीत नव्हतं. शेजारी बसून समजावणारं कुणी असलं की लोक येतात.

म्हणून माझं तुमच्याकडे मागणं मोठं नाही. तुमच्यातला प्रत्येकजण मोबाइल चालवतो, मराठी वाचतो, घरात दखनी बोलतो, इंग्रजी अक्षर लावतो. हे चारही जमणारा माणूस दवाखान्याच्या खिडकीवर क्वचित असतो. तो तुम्ही आहात. चार कामं करा.

एक, घरातल्या वडीलधाऱ्यांचं आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक आणि ईएसआय समोर ठेवून नावं जुळवा. जिथे फरक आहे तिथे खूण करा.

दोन, प्रत्येकाचा एक कागद बनवा. नाव, फोन, रक्तगट, कोणते आजार, कोणत्या गोळ्या, आणि सगळ्यांत वर ठळक अक्षरांत, कोणतं औषध चालत नाही. मराठीत आणि इंग्रजीत. एक प्रत पाकिटात, एक मोबाइलमध्ये.

तीन, खिडकीवर फाइल उघडली की विचारा, "फोन नंबर कोणता दिसतोय? पत्ता काय आहे?" ऑपरेटर वैतागेल. वैतागू द्या. मी खिडकीमागची आहे, मीच सांगते, विचारा.

चार, ओटीपी सांगण्याआधी तो कशाचा आहे ते वाचा, आणि अम्मी-अब्बांना मोठ्याने वाचून दाखवा. फोनवर मागणाऱ्याला ओटीपी कधीच द्यायचा नाही.

आणि जमलं तर आठवड्यातले दोन तास द्या. एक टेबल, दोन खुर्च्या, एक मोबाइल. समोर जो येईल तो, आपला असो की शेजारच्या वस्तीतला. १ जानेवारी सगळ्यांचीच आहे.

माझ्यापुरतं सांगते. त्या पावसाळ्यानंतर मी माझ्या दवाखान्यात साहेबांना भेटले आणि विनंती केली की फाइल उघडताना फोन नंबरचे शेवटचे चार आकडे विचारणं सक्तीचं करा. एक मिनिटाचं काम. सुरुवातीला रांग लांबली, तक्रारी आल्या. मग सवय झाली. पहिल्याच महिन्यात आम्हाला एकाच माणसाची दोन-दोन, तीन-तीन खाती सापडायला लागली. ती जोडायचं काम मी अजून करतेय, संपलेलं नाही.

घरी परत आल्यावर मी अम्मीची ती पिशवी रिकामी केली, प्रत्येक कागदाचा फोटो काढला, तारखेप्रमाणे लावला आणि अब्बांच्या मोबाइलमध्ये ठेवला. अम्मीला म्हटलं, आता ही पिशवी टाकून दे. ती म्हणाली, "तेरा मोबाइल बंद पड्या तो?" मी गप्प बसले. मोबाइलही आहे, पिशवीही आहे.

सभा संपल्यावर मी मागच्या टेबलापाशी बसते. ज्यांनी घरचे कागद सोबत आणलेत त्यांनी या, आजच सुरुवात करू.